शिटी झालीच नाही

मी कुकर बोलतोय. दचकू नका, शिटी होणार नाही. ती होत असती तर आज बोलायची वेळच आली नसती.

या घडीला मी ओट्यावर पालथा पडलोय. माझं झाकण शेजारी उताणं आहे. उद्या सकाळी भंगारवाला येईल, मला हातात तोलेल, बुडावर बोटानं टिचकी मारेल आणि पोत्यात टाकेल. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. भांड्याच्या जातीला कधी ना कधी पोतं चुकत नाही. पण एक गोष्ट पोटात राहिलीय, आणि पोटात काही कोंडून ठेवण्याची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे.

माझं डोकं लवकर तापतं, असं या घरात सगळे म्हणायचे. तापेल नाहीतर काय! बुडाखाली जाळ लावायचा, तोंडावर झाकण दाबून बसवायचं, डोक्यावर वजन ठेवायचं आणि वर म्हणायचं, किती किंचाळतो हा. तुम्हाला कुणी असं बसवलं तर तुम्ही काय भजन म्हणाल?

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमची एक गोल चकती होतो मी. वरून यंत्राचा एक दणका बसला आणि भांडं झालो. मग कान बसवले, मूठ बसवली, झाकण आलं, झाकणात रबरी रिंग आली, बारीकसा सेफ्टी व्हॉल्व्ह आला. पाणी भरून जाळावर ठेवलं तेव्हा माझी पहिली शिटी झाली. तपासणाऱ्यानं मान डोलावली. एवढंच माझं बारसं.

दुकानात फळीवर बसलो होतो तेव्हा एक गृहस्थ आले. शर्टाच्या बाह्यांना तेलाचे डाग. मुलीच्या लग्नासाठी भांडी घेत होते. माझ्यापाशी आले आणि दुकानदाराला म्हणाले, "याचा आवाज कसा आहे?"

दुकानदार म्हणाला, अहो, कुकर आहे, बाजाची पेटी नव्हे. पण ते हटून बसले. शेवटी दुकानदारानं आतल्या शेगडीवर पाणी घालून मला चढवलं. मी झाडून सगळी ताकद लावून शिटी मारली. गृहस्थ खूश झाले. "हा द्या. माझी पोरगी आवाजात वाढलीय," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला पुढं कळला. ते एका सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचे. घरी मुलीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती बापाच्या खोलीत, रिळांच्या रिकाम्या पेटीवर येऊन बसायची. भिंतीत काचेची एक लहानशी चौकट होती, तिच्यातून खालचा पडदा दिसायचा. दिसायचा, ऐकू मात्र यायचा नाही, कारण मशीनची घरघर कानात भरलेली असायची. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि ती काय म्हणत असतील ते ही पोरगी आपल्या मनानं ठरवायची. नुसतं ठरवायची नाही, बापाला सांगायची. बापाला मशीनपुढं तिचं बोलणं अर्धंच ऐकू जायचं, पण तो प्रत्येक वेळी विचारायचा, मग पुढं काय?

मोठी झाल्यावर एकदा तिनं तिकीट काढून, खाली खुर्चीत बसून सिनेमा पाहिला आणि चिडून बाहेर आली. म्हणाली, सगळे चुकीचं बोलतायत.

हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलंय. ओट्याशी मटार सोलता सोलता ती सासूबाईंना सांगायची आणि सासूबाई हसून हसून शेंगा सांडायच्या. माझ्या बाईनं गोष्टी लिहायला का घेतल्या, असं मला कुणी विचारलं तर मी त्या काचेच्या चौकटीकडे बोट दाखवीन. बोट नाही ही वेगळी गोष्ट.

तर अशा बाईबरोबर मी या घरी आलो. घर चौघांचं. बाई, तिचा नवरा, सासूबाई आणि पुढं झालेली लेक. नवरा मोटार चालवायला शिकवतो. त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मास्तर स्वभावानं सज्जन. त्यांच्या शिकवण्याच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या पायाशी असतो. समोरचा चुकतोय असं वाटलं की मास्तर आपला ब्रेक दाबतात. आयुष्यभर त्या ब्रेकनं माणसं वाचवली, असं ते जेवताना सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. सवय इतकी मुरलेली की खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतानासुद्धा बाहेर कुणी जोरात गाडी हाणली की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

बाईला लिहायला जागा कुठली? बाहेरच्या खोलीत मास्तरांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या खुणा पाठ करत बसलेले, आतल्या खोलीत सासूबाई. उरलं स्वयंपाकघर. आणि उरली ती वेळ, जी मला जाळावर चढवल्यापासून माझी तिसरी शिटी होईपर्यंत असते. तेवढ्या वेळात बाईनं काही करावं अशी घरात कुणाची अपेक्षा नसायची. मला लावलं की ती मागच्या दाराशी, उजेडाला, स्टुलावर बसायची. मांडीवर पाट, पाटावर मास्तरांचे पाठकोरे कागद. एका बाजूला छापलेलं असायचं 'पुढे वळण आहे', दुसऱ्या बाजूला बाईची गोष्ट.

मी खदखदायला लागलो की तिचा हात पळायला लागायचा. शांत असताना तिला सुचत नसे. सकाळी सगळे बाहेर गेल्यावर घर चिडीचूप असायचं तेव्हा ती कागद घेऊन बसून पाहायची आणि पेन चावायची. आवाजात वाढलेली पोरगी, बाप खोटं बोलला नव्हता.

पण माझा आवाज म्हणजे मदतही आणि दगाही. पहिली शिटी झाली की ती लिहिता लिहिता मान हलवायची. दुसरी झाली की अक्षर मोठं आणि वाकडं व्हायचं. तिसरी झाली की घरभरातून एकच पुकारा, "अगं, शिट्या झाल्या!" बाहेरून मास्तर, आतून सासूबाई, पुढं लेकीला बोलता यायला लागल्यावर तीही. माणसांची ही एक गंमत मी पाहिलीय. शिट्या सगळे मोजतात, एखादी कमीजास्त झाली तर वादही घालतात, पण उठून गॅस बंद करायचा असतो तो एकाच माणसानं.

मी काही प्रयत्न केला नाही असं समजू नका. तिचं वाक्य रंगात आलेलं दिसायचं. मग मी वाफ आवळून धरायचो, म्हणायचो, थांब, अजून थोडं, एवढं वाक्य होऊ दे. पण वाफ ती वाफ. ती माझ्या बापाचं ऐकणार नाही, माझं काय ऐकणार? एकदा मी जरा जास्तच ओढून धरली, तर डोक्यावरचं वजन उडून पिठाच्या डब्यामागं जाऊन पडलं आणि छतावर डाळीचा फवारा उडाला. सासूबाई म्हणाल्या, हा कुकर चळलाय. त्यानंतर मी नाद सोडला. ज्याला जिथं ओरडायचं तिथं ओरडावंच लागतं, असा माझा जन्म.

अशा शिट्यांच्या सवडीत बाईनं गोष्टी लिहिल्या. आधी एका साप्ताहिकात एक छापून आली, मग दुसऱ्यात, मग दिवस असे आले की टपालानं अंक आला नाही तर सासूबाई पोस्टमनवर डाफरायच्या. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, वाचता येत नसे. संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि बाई दिवसभराचं लिहिलेलं वाचून दाखवायची. सासूबाईंची टीका एकाच वाक्याची असे. "पुढं काय झालं?" लिहिलेलं संपलेलं असलं तर त्या चिडायच्या. एवढंसं लिहून कुणाचं पोट भरतं, म्हणायच्या. स्वयंपाकात खोट काढायला त्या कधी चुकल्या नाहीत, पण लिहिण्यावरून सुनेला टोकलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

एकदा प्रकाशक घरी आले. बाईनं चहा ठेवला, मी शेजारच्या शेगडीवर गार बसलो होतो, कान टवकारून. प्रकाशक म्हणाले, गोष्टी फार चांगल्या आहेत, माणसं काय बोलतात बाई तुमची! पण गोष्टींचं पुस्तक हल्ली कोण विकत घेतो? कादंबरी द्या, मी छापतो. मग कप खाली ठेवून त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही.

"एक सांगू का? तुमच्या गोष्टींचा शेवट घाईत होतो. प्रत्येक गोष्टीचा. मागून कुणीतरी हाक मारल्यासारखा."

बाई हसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते शेवट माझ्या तिसऱ्या शिटीनं कापले होते आणि हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, बघते, कादंबरी जमते का.

सगळ्या जन्मात तिला तेवढीच एक गोष्ट हवी होती. दागिना मागितला नाही, हिंडायला जायचं म्हटलं नाही. एक लांब कादंबरी लिहायची आणि तिचा शेवट सावकाश करायचा, एवढीच इच्छा.

कादंबरी होती एका तिकीट विकणाऱ्या बाईची. सिनेमागृहाच्या खिडकीत ती वर्षानुवर्षं तिकिटं फाडते, पण एकाही सिनेमाचा शेवट तिनं पाहिलेला नसतो. शेवट यायच्या सुमारास पुढच्या खेळाची खिडकी उघडायची असते. मग ते सिनेमागृह कायमचं बंद व्हायचं ठरतं. शेवटचा खेळ, पुढं खेळच नाही, म्हणजे खिडकी उघडायची गरज नाही. ती पहिल्यांदा खिडकीतून उठते आणि आतल्या दाराकडे चालू लागते. पुढं काय होतं, ती आत जाते का, तिला काय दिसतं, हे शेवटच्या प्रकरणात यायचं होतं.

सासूबाईंना त्या तिकीटवालीनं असं वेड लावलं की त्या मास्तरांनासुद्धा तिची खुशाली सांगायच्या. मास्तर म्हणायचे, कोण ही? सासूबाई म्हणायच्या, तुला नाही कळायचं, तू ब्रेक दाब.

शेवटच्या प्रकरणाचा दिवस उजाडला. लेक तोवर शिकून दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात लागली होती. मास्तर गाडी घेऊन बाहेर गेलेले. सासूबाई आतल्या खोलीत पडलेल्या. बाईला सपाटून सर्दी झालेली, नाक गच्च. धुराचा पंखा वर गरगरत होता. तिनं बटाटे धुतले, माझ्यात टाकले, झाकण लावलं, वजन ठेवलं, गॅस पेटवला आणि स्टुलावर जाऊन बसली. डोक्यात ती तिकीटवाली चालत होती, दाराकडे.

पाणी घातलं नाही.

मला लगेच कळलं. बुडाला चटका बसला तो सरळ, कोरडा. मी म्हटलं, बाई, पाणी. पण माझा आवाज कशाचा असतो? पाण्याचाच ना? पाणी असेल तर वाफ, वाफ असेल तर शिटी. भात शिजला, डाळ शिजली, हे सांगायला मला गळा दिलाय. मी जळतोय, हे सांगायला दिलेला नाही. जन्मभर नको तेव्हा किंचाळलो, आणि किंचाळायची खरी गरज होती त्या दिवशी माझ्या तोंडून फुसदेखील निघेना.

आणि बाई लिहीत होती. शिटी झाली नाही म्हणजे अजून वेळ आहे, हा तिचा इतक्या वर्षांचा हिशेब. कागदामागून कागद पालटत होते. अक्षर मोठं झालं नाही, वाकडं झालं नाही. मधूनच ती थांबायची, दाराबाहेर बघायची, स्वतःशी ओठ हलवायची आणि पुन्हा लिहायची. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. खरं सांगतो, माझं बूड काळं पडत होतं, बटाटे आत कोळसा होत होते, रिंग वितळायला लागली होती, आणि माझ्या मनात येत होतं की चालू दे. हिला एकदा तरी शेवटापर्यंत जाऊ दे.

धुराचा वास आधी सासूबाईंना आला. त्या उठल्या. आवाज दिला नाही, भिंत चाचपत चाचपत निघाल्या. त्या उंबऱ्याशी पोचतात तोच माझा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि त्या भोकातून काळा धूर बाहेर पडला. त्या दचकल्या, पाय उंबऱ्याला अडकला आणि पडल्या. पडल्याचा आवाज ऐकून बाईनं मान वर केली. पेन कागदावर होतं. शेवटचं वाक्य असं होतं, 'ती दाराशी आली आणि'.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखाना झाला, शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं. त्यानंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत.

मास्तर बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी मला उचललं, व्हॉल्व्हच्या भोकात बोट घालून पाहिलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. नवी रिंग, नवा व्हॉल्व्ह बसवला असता तर मी पुन्हा उभा राहिलो असतो. पण ते म्हणाले, हा आता गॅसवर चढणार नाही. बाईनं मान हलवली. बापाची भेट म्हणून टाकू मात्र दिलं नाही. लेकीनं विजेचा कुकर पाठवला. गुळगुळीत अंगाचा, पोटावर दिवे असलेला. तो आपलं आपण शिजवतो, आपलं आपण बंद होतो, कुणाला हाक म्हणून मारत नाही. वाईट बोलवत नाही त्याच्याबद्दल, पण त्याच्या संगतीत कुणाला गोष्ट सुचेल असं मला वाटत नाही.

गॅसच्या बाबतीत बाईचा शब्द त्या दिवसापासून गेला. कुणी काढून घेतला नाही, तिनंच सोडला. दूध तापवायचं तरी मास्तरांना सांगायची, जरा लक्ष ठेवा हं. आणि मास्तर लक्ष ठेवायचे. बाहेरून येताना चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन बटणं बघायचे, झोपायच्या आधी बघायचे, बाई अंघोळीला गेली की बघायचे. गॅस बंद करायला घरात माणूस मिळाला एकदाचा. फक्त मिळाला तो असा.

माळा सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. तिथं पडल्या पडल्या मला पलीकडचं ऐकू यायचं. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "पुढं काय झालं?"

बाई म्हणाली, अजून लिहिलं नाही.

"मग लिही की. हाड माझं मोडलंय, तुझा हात नाही मोडला."

 बाईनं विचारलं, आई, तुम्हाला धुराचा वास आला होता ना, मग मला हाक का नाही मारली?

सासूबाई म्हणाल्या, "तू शेवट लिहीत होतीस ना गं. हाक मारली असती तर तुझी तंद्री मोडली असती. म्हटलं, आपणच जाऊन बंद करावा."

बाई रडत होती ते मला भिंतीतून ऐकू येत होतं. माझ्या अंगावर धूळ साचली होती, आत जळक्या बटाट्यांचा वास होता. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा कुणी गॅस बंद करायला आपणहून उठलं होतं, आणि ते माणूस वाटेतच पडलं होतं. मी काय करणार होतो? माळ्यावरच्या भांड्याला दोन हात असते तर मी ते डोळ्यांवर ठेवले असते.

त्यानंतर सासूबाई रोज तेच विचारायच्या आणि बाई रोज तेच उत्तर द्यायची. तिनं तोंडी शेवट सांगून टाकावा असं मला फार वाटायचं. म्हातारीला काय, छापलेलं थोडंच हवं होतं. पण खोटा शेवट सांगणं तिला जमलं नाही आणि खरा सापडत नव्हता. एक दिवस पलीकडून प्रश्न आला नाही.

वर्ष सरलं. लेक आली, तिनं आजीची खोली आवरली, रंग दिला, खिडकीपाशी टेबल आणलं, गादीची खुर्ची आणली, टेबलावर दिवा ठेवला. म्हणाली, आई, आता तुला हक्काची खोली. दार लावून घे आणि कादंबरी संपव, कुणी त्रास देणार नाही. लेकीच्या बोलण्यात काडीची खोट नव्हती. बाईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

बाई रोज त्या खोलीत जायची, दार लावायची. मी भिंतीला लागून ऐकायचो. खुर्ची करकरायची, कागद सरकायचे. मग काहीच नाही. मास्तर बाहेर पावलं न वाजवता चालायचे. टीव्हीचा आवाज बंद. पाहुण्यांना ते दारातच सांगायचे, हळू बोला, आत लिहिणं चाललंय. सगळं घर तिच्यासाठी श्वास धरून बसलेलं, आणि त्या शांततेत तिला एक ओळ सुचत नव्हती. हे तिनं कुणाला सांगायचं? एवढं सगळं हौसेनं करून दिल्यावर मला आवाज हवाय असं म्हणायला तोंड कसं उघडेल? प्रकाशकांचा फोन आला की ती म्हणायची, होत आलंय. मग त्यांचाही फोन यायचा बंद झाला.

आज दुपारी मास्तर बाहेरच्या खोलीत डुलकी काढत होते. बाई स्वयंपाकघरात आली. स्टूल ओढलं, चढली आणि मला खाली काढलं. उजेडात आल्यावर आम्ही एकमेकांना पाहिलं. तिचे केस पिकलेत. माझं तर विचारूच नका. तिनं मला घासलं, बूड खरवडलं, जितकं निघायचं तितकं काळं काढलं. मग नळाखाली धरून पाणी भरलं. काठोकाठ नाही, पण भरपूर. पोटात दुसरं काही नाही, नुसतं पाणी. झाकण लावलं, वजन ठेवलं, गॅस पेटवला.

तिनं खोलीतून ते जुने पाठकोरे कागद आणले, पाट घेतला, मागच्या दाराशी उजेडाला बसली.

मला आधी रडू आलं. म्हटलं, वेडे, मी शिटी कशी मारू? व्हॉल्व्हच्या जागी भोक आहे, रिंग जळालेली आहे. वाफ कोंडणारच नाही तर शिटी कुठली? आयुष्यभर मी हिला एवढंच सांगत आलो की वेळ संपला. आज सांगायचं होतं की वेळ आहे, बस, लिही, आणि आजच माझ्यापाशी गळा नव्हता.

पाणी उकळलं. वाफ त्या भोकातून बाहेर पडायला लागली. सूं करत, एकसारखी, न थांबता. झाकण थडथडू लागलं, त्याची एक घरघर सुरू झाली. शिटीकडे न जाणारी, कुठंच न संपणारी घरघर. बाईनं मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती, पण मला वाटतं तिला मी दिसत नव्हतो. तिला रिळांची पेटी दिसत असावी, आणि भिंतीतली काचेची चौकट.

मग तिनं मान खाली घातली आणि पेन कागदाला टेकलं. मी ऐकलं. इतक्या काळानंतर तो कुरकुर आवाज मी ऐकला. मनात म्हटलं, पाणी भरपूर आहे, मी पुरून उरेन, तू चल. दार जवळच आहे.

बाहेर खुर्ची सरकली. अनवाणी पावलं धावत आली. मास्तर दारात उभे, केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. त्यांनी आधी मला पाहिलं, माझ्या भोकातून निघणारी वाफ पाहिली. एका झेपेत पुढं आले आणि बटण फिरवलं.

घरघर बसत गेली. मग थांबली.

मास्तरांचा हात बटणावरच होता. त्यांनी बाईकडे पाहिलं, तिच्या मांडीवरचे कागद पाहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. किती दिवसांनी ती लिहिताना दिसली होती त्यांना.

"तू लिही," ते म्हणाले. "मी केलाय बंद. तू अजिबात काळजी करू नकोस, निवांत लिही."

तेव्हा तिनं म्हणायला हवं होतं, अहो, परत लावा. तीन शब्दांचा प्रश्न होता. पण तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. गॅसबद्दल बोलायचा तिचा शब्द तर केव्हाच गेलेला.

"बरं केलंत," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, हा उद्या भंगारात देऊन टाकतो, उगाच जिवाला घोर नको. मग ते चवड्यांवर चालत बाहेर गेले आणि जाताना त्यांनी दार अलगद ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून.

बाईनं कागद उचलले. सासूबाईंची खुर्ची असायची त्या उंबऱ्याकडे तोंड करून, जेवढं लिहिलं होतं तेवढं तिनं हळूच वाचून दाखवलं. 'ती दाराशी आली आणि कुणीच हाक मारली नाही म्हणून'. एवढंच. पुढं काय झालं, ते विचारणारं तिथं कुणी नव्हतं. तिनं पेनाला टोपण लावलं, माझ्यातलं कोमट पाणी ओतून दिलं आणि मला पालथं घातलं.

आता मी वाट बघतोय, सकाळची. भंगारवाल्याची. मला वितळवतील, पुन्हा चकती होईल, पुन्हा दणका बसेल, काय सांगावं, पुन्हा कुणाच्या तरी ओट्यावर येईन. म्हणून एक मागणं करून ठेवतो. तुमच्या घरात कुणी लिहीत असेल, दाराशी बसून, मांडीवर कागद घेऊन, तर शिट्या मोजून तिला हाका मारू नका. उठून गॅस बंद करा, हेही मी सांगणार होतो. आज दुपारपर्यंत माझं मागणं तेवढंच होतं. पण आता तेही सांगवत नाही. बटणाला हात लावण्याआधी तिला एकदा विचारा, बंद करू का? आणि ती काय म्हणते ते ऐकायला थांबा.

आमच्या घरी सगळी माणसं चांगली होती. विचारलं मात्र कुणीच नाही.